बाविसाचा मान

बॅरोडेल तालुक्याची वर्षातली एक सुट्टी कुणा राजाच्या किंवा संताच्या नावाची नाही. ती गाईगुरांच्या, मेंढ्यांच्या आणि स्पंज केकच्या नावाची आहे. नोव्हेंबरात प्रदर्शनाच्या शुक्रवारी बँक बंद, शाळा बंद, लाकडाची गिरणीही बंद. टास्मानियात बाकी सगळीकडे माणसं त्या दिवशी कामावर जातात, आणि बॅरोडेलकरांना आपल्या सुट्टीपेक्षा याचाच आनंद जास्त होतो.

मर्व्ह हेस्केथला यंदा आनंद झाला नाही. मैदानाच्या फाटकाशी शर्यतीची पंच नोला क्वेफने खडूने आकडे लिहिलेला फळा टांगला होता, आणि त्यावर त्याच्या नावापुढे पंधरा होते.

ओंडका तोडायच्या शर्यतीत सगळे एकदम सुरू करत नाहीत. नोला माइकवर एकपासून सेकंद मोजत जाते आणि ज्याला त्याचा आकडा ऐकू आला त्याने पहिला घाव घालायचा. कच्च्या गड्याला तीन, बऱ्याला दहा-बारा, आणि सगळ्यांत पक्क्याला बावीस. बावीसवाला कुऱ्हाड धरून नुसता उभा असतो. आजूबाजूला ढलप्या उडत असतात, लोक ओरडत असतात, आणि तो उभाच. बापमंडळी पोरांना खांद्यावर घेऊन दाखवतात, "तो बघ, तो अजून सुरूही झाला नाही." मर्व्ह गिरणीत करवतींना धार लावायचा. वर्षभर त्याच्याकडे कुणी वळून बघत नसे. पण प्रदर्शनाच्या शुक्रवारी, नोला बावीसपर्यंत पोचेपर्यंत, सगळा तालुका त्याच्याकडे बघायचा. त्याच्या पोराची शाळा संपून लग्नही झालं, तरी ते बावीस मर्व्हचेच होते.

"पंधरा," तो बायकोला म्हणाला.

"मग चांगलंच झालं की," व्हेल्मा म्हणाली. तिच्या हातात झाकलेला डबा होता, त्यात स्पंज केक होता, आणि गर्दीत कुणाचा कोपर लागू नये म्हणून ती बाजूने चालत होती. "बाविसावर उभं राहून विजेत्याचा पट्टा घरी किती वेळा आला? दोनदा. पहिल्याला तर कसर लागली. पंधरावर डोळे मिटून जिंकशील."

"बावीस कुणाचा आहे ते वाच."

"वाचलं. गार्थ पायबसचा. मग?"

"मग काही नाही."

"मर्व्ह, सकाळी सकाळी तोंड असं करू नकोस, माझा केक बसेल."

गार्थ दुधाचा टँकर चालवायचा. सहा वर्षांपूर्वी तो तालुक्यात आला तेव्हा त्याला कुऱ्हाडीचं पातं घासायचंही कळत नव्हतं. निलगिरीच्या टणक लाकडासाठी पात्याला कोणता कोन द्यायचा ते मर्व्हनेच त्याला दाखवलं होतं, आपल्या गॅरेजमध्ये, आपल्या चाकावर, आपल्या बिअरवर. ती संध्याकाळ मर्व्हला आता आठवायलाही नको वाटायची. बरं, पोरगा माजोरडा असता तर सोपं झालं असतं. तो माजोरडा नव्हता. तो म्हाताऱ्यांना हात द्यायचा, हरल्यावर हसायचा, आणि त्याचे खांदे असे होते की पांढरा गंजीफ्रॉक त्याच्या अंगावर लग्नातल्या कपड्यासारखा दिसायचा.

दुपारी रिंगणात ओंडके उभे केले गेले. चिठ्ठ्या टाकून ते वाटले, आणि मर्व्हच्या शेजारचाच गार्थला आला. दोघंही गुडघ्यावर बसून आपापल्या ओंडक्यावर पेन्सिलीने छेदाच्या रेघा काढत होते.

"मर्व्ह," गार्थ म्हणाला, "माझ्या ओंडक्याला डाव्या अंगाला गाठ आहे असं वाटतंय. जरा बघतोस?"

"तूच बघ. बावीसवाल्याला दिसायला हवं."

गार्थ हसला. "अरे, तो आकडा बघून मीच चाट पडलो. नोलाला म्हटलं, बाई, तुझं काहीतरी चुकलंय."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, मी बारशाला आले नाहीये, घड्याळ घेऊन आलेय; ते सांगेल तो आकडा."

मर्व्हने रेघ ओढली. ती वाकडी आली. त्याने थुंकी लावून पुसली आणि पुन्हा ओढली.

पलीकडे बेसिल टर्व्ही उभा होता. चाळीस गाईंचा मालक, गोल, लालबुंद, कायम तीनवर सुरू करणारा आणि कायम शेवटी संपवणारा. तो ओरडला, "मर्व्ह, पंधरा म्हणे तुला! ये की आमच्यात, इथे हवा चांगली आहे!" कुंपणाबाहेरची माणसं हसली. मर्व्हही हसला. निदान तोंड तरी तसं केलं.

नोला टेबलापाशी उभी राहिली. सत्तरीची, सडसडीत, डोक्यावर उन्हाची टोपी, एका हातात माइक, दुसऱ्यात थांबघड्याळ. तालुक्यात कुणाचा हात किती जड झाला आणि कुणाचा किती हलका, हे तिला डॉक्टरच्या आधी कळायचं.

"ओंडक्यापाशी उभे राहा," ती म्हणाली. "एक. दोन. तीन."

बेसिलने पहिला घाव घातला. सहावर दोघं सुरू झाले, नऊवर एक, बारावर आणखी एक. मर्व्हने पाय रोवले, मूठ दांड्यावरून खाली सरकवली. अकरा-बाराला त्याचं अंग नेहमीप्रमाणे शांत झालं होतं, श्वास जागेवर होता. नजर सहज कुंपणाकडे गेली. तिथे एक बाप पोराला खांद्यावर घेऊन उभा होता. बापाचं बोट सरळ रिंगणाकडे होतं. मर्व्हला ते बोट ओळखीचं होतं, फक्त ते त्याच्या डोक्यावरून पलीकडे जात होतं.

"चौदा. पंधरा."

मर्व्ह हलला नाही.

त्याने असं काही ठरवलेलं नव्हतं. हात वर जायला तयार होते, खांदा वळलाही होता. पण सोळा आला, सतरा आला, आणि तो उभाच होता. रिंगणात आता घाव न घालता दोघंच उभे होते.

"मर्व्ह!" गार्थ तोंडातल्या तोंडात म्हणाला. "तुझा गेला! पंधरा गेला!"

"अठरा," नोला म्हणाली. तिचा आवाज किंचित अडला, पण मोजणाऱ्याला थांबता येत नाही. "एकोणीस."

कुंपणापाशी कुणीतरी शिटी वाजवली. "जागा हो, मर्व्ह!" त्याने ते ऐकलं. वीस ऐकलं, एकवीस ऐकलं. इतकं स्वच्छ त्याला बऱ्याच दिवसांत ऐकू आलं नव्हतं.

"बावीस."

दोन कुऱ्हाडी एकदम बसल्या.

पहिल्या बाजूला ते घावाला घाव बरोबरीत होते. मर्व्हला बघायची गरज नव्हती; शेजारच्या पात्याचा आवाज त्याच्या पात्याच्या आवाजात मिसळत होता. ओली ढलपी गालाला लागली. त्याने वरचा घाव, खालचा घाव, वरचा घाव घातला, आणि खाच तोंड वासून मोठी झाली. आता गाठ लागेल, तो मनात म्हणाला, आता लागेल त्याला गाठ. गार्थला गाठ लागली. मर्व्हला तो आवाज कळला, ठक असा, कोरडा. त्याला इतका आनंद झाला की त्याचा स्वतःचा घाव बोटभर चुकला.

ओंडका निम्मा तुटल्यावर उरलेला मागून तोडायला दोघं वळसा घालून गेले. तिथे मर्व्हच्या कमरेने सांगितलं की आपण छप्पन्न वर्षांच्या आहोत. कुठे दुखलं नाही, काही लचकलं नाही. फक्त त्याच्या दोन घावांमधली फट थोडी रुंद झाली, आणि त्या फटीत गार्थचा एक जादा घाव बसू लागला. मागे कुठेतरी मोठा गलका झाला, कुणाचा तरी ओंडका पडला होता. मग गार्थचा पडला. मग मर्व्हने एक घाव घातला, दुसरा घातला, आणि त्याचा पडला.

दोन घाव मागे. गार्थला गाठ लागूनही.

गलका बेसिलसाठी होता. बेसिल टर्व्ही जन्मात पहिल्यांदा जिंकला होता, गार्थच्या जेमतेम एका घावाने पुढे, आणि आता तो गवतावर बसून रडत होता. त्याची बायको त्याच्या टकलावर टॉवेल फिरवत होती. मर्व्हने मनात हिशेब केला, आणि तो करायला त्याला वेळ लागला नाही. पंधरावर सुरू केलं असतं तर बेसिल अजून तोडत असताना त्याला कुऱ्हाड पुसून पेटीत ठेवता आली असती.

"हेस्केथ," नोलाने बोलावलं. तिने माइक बंद करून टेबलावर पालथा ठेवला होता. "इकडे ये."

तो गेला.

"दोनच गोष्टी असू शकतात," ती म्हणाली. "एक, तुला माझा आकडा ऐकू आला नाही. तसं असेल तर तुझी वेळ पंधरापासून धरायची, आणि ती फार वाईट आहे, म्हणजे पुढच्या वर्षी तुला दहा. दुसरी, तू मुद्दाम थांबलास. तसं असेल तर तू शर्यतीत पूर्ण जोर लावला नाहीस, आणि नियमाने तुला वर्षभर बंदी, माइकवर नावासकट. कोणती?"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाशी गार्थ सही करायला आला होता, मानेवरचा घाम पुसत. खरं सांगितलं तर ते माइकवर जाणार होतं. लोक म्हणणार होते, मर्व्ह हेस्केथ मुद्दाम बाविसापर्यंत थांबला. तिथवर ठीक होतं. पण पुढचं वाक्यही तेच लोक म्हणणार होते: आणि तरी गार्थच्या दोन घाव मागे राहिला.

"ऐकू नाही आलं," मर्व्ह म्हणाला.

नोला त्याच्याकडे बघत राहिली. "माझा आवाज मेंढ्यांच्या शेडपर्यंत जातो."

"वारा होता."

"वारा," ती म्हणाली. खिशातून खडू काढून तिने तो त्याच्यासमोर धरला, जणू तोच लिहिणार होता, आणि मग परत खिशात ठेवला. "बरं. दहा."

गार्थने मान वर केली. त्याने सगळं ऐकलं होतं, आणि त्याचा चेहरा इतक्या खऱ्या काळजीने भरला की मर्व्हला तो पाहवेना.

"म्हणून होय!" गार्थ जवळ आला आणि मर्व्हच्या कानाशी वाकून, शब्द सुटे सुटे करत, अर्ध्या मैदानाला जाईल अशा आवाजात म्हणाला, "मी — सांगत — होतो — तुला! पंधरा — गेला — म्हणून!"

"हो, हो."

"कान — दाखवून — घे! माझ्या — बाबांचंही — असंच — झालं — होतं!"

चहाच्या तंबूत पोचेपर्यंत बातमी त्याच्या पुढे पोचली होती. महिला मंडळाच्या बाईने "साखर?" असं विचारताना चिमटा हवेत उंच धरून हलवला. बेसिल गळ्यात पट्टा घालून आला आणि त्याने मर्व्हच्या पाठीवर थाप मारत ओरडून सांगितलं की तुझ्या कानांचे आभार कसे मानू. लोक हसले. गिरणीतला मुकादम म्हणाला, "करवतींनी घेतले बिचाऱ्याचे कान," आणि ते त्याने हळू म्हटलं, मर्व्हला ऐकू जाणार नाही या खात्रीने.

व्हेल्मा तंबूच्या दोरीपाशी उभी होती. ती नेहमीच्या आवाजात बोलली.

"मी तिथेच होते, कुंपणाला लागून."

"मग?"

"मग काय. मी पंधराला श्वास धरला, तो बाविसाला सोडला. आपल्याकडे पट्टा येणार होता, मर्व्ह. तो टांगायचा खिळा मी बदलून ठेवला होता."

मर्व्हने कपातला चहा ढवळला. त्याला एकच गोष्ट विचारायची होती, आणि त्याला त्याची लाज वाटत होती, तरी त्याने विचारली.

"कसा दिसत होतो? उभा होतो तेव्हा?"

व्हेल्माने खरंच विचार केला. तिच्या खिशातून स्पंज केकच्या पहिल्या बक्षिसाची निळी फीत अर्धी बाहेर आली होती. फीत कधीपासून तिथे होती, आणि मर्व्हने अजून केकचं विचारलं नव्हतं.

"छान उभा होतास," ती म्हणाली. "पण दोघं होतात ना. लोक त्याच्याकडे बघत होते. जे तुझ्याकडे बघत होते, त्यांना वाटलं तू विसरलास."

मग ती फीत खिशात नीट आत सारून केकचा डबा आणायला गेली.

तंबूच्या दुसऱ्या टोकाला गार्थ दोन बिअर घेऊन, गर्दीच्या डोक्यावरून उचलून दाखवत उभा होता. एक स्वतःची, एक मर्व्हची.

"मर्व्ह!" त्याने हाक मारली.

मर्व्हला ती स्वच्छ ऐकू आली. तो पाठमोरा उभा राहिला, हातात कप धरून. बहिऱ्या माणसाने पहिल्या हाकेला वळायचं नसतं.

"मर्व्ह!"

आजूबाजूची माणसं आता त्याच्याकडे बघू लागली होती, एकेक करून, हातातलं थांबवून. कुणीतरी कोपराने शेजाऱ्याला दाखवलं. मर्व्ह हलला नाही. तो तिसऱ्या हाकेची वाट बघत उभा राहिला.