नमुन्यापुरती आरोळी

माझी खिडकी आणि सेल्विनची खिडकी यांच्यामध्ये एक पेरूचं झाड आणि कपडे वाळत घालायची दोरी, एवढंच अंतर. शिवणयंत्र मी खिडकीशी लावलंय, त्यामुळे त्या घरातलं सगळं मला न विचारता ऐकू येतं. कोणी याला चोंबडेपणा म्हणेल. म्हणू दे. ला सेइबा शहराच्या समुद्राकडच्या या वस्तीत भिंती फळ्यांच्या आहेत आणि कान मिटून घ्यायची सोय देवाने केलेली नाही.

सेल्विन हा एमेतेरियाचा धाकटा. एमेतेरिया नारळाचा पाव विकते, आमच्याकडे त्याला 'पान दे कोको' म्हणतात. सकाळी खोबरं किसून दूध काढायचं, त्यात पीठ मळायचं, आडव्या कापलेल्या पिंपाच्या भट्टीत खाली-वर निखारे घालून पाव भाजायचे आणि दुपारी घमेलं डोक्यावर घेऊन निघायचं. निघताना ती आधी आपल्याच दाराकडे तोंड करून उभी राहते आणि पहिली आरोळी घराला देते. "पान दे कोकोऽऽ! आला गं आला, गरम आला!" मग गल्लीकडे वळते. तिची आई असंच करायची, आमच्याकडच्या सगळ्याच पाववाल्या असंच करतात. का करता म्हणून विचारलं तर तुमच्याकडेच वेड्यासारखं बघतील.

आणि आवाज! तो घशातून निघत नाही, बेंबीच्या देठापासून निघतो. शेवटचा 'आला' असा काही वर चढतो की किनाऱ्यावर जाळी विणणारे कोळी माना वळवतात. सेल्विनचा आवाज आईवरच गेलाय, फक्त थोडा जाड. त्या आवाजाच्या जोरावरच तर त्याला काम मिळायची वेळ आली होती.

हॉटेलात भांडी घासून विटल्यावर त्याने सान पेद्रो शहरातल्या एका कंपनीकडे अर्ज केला होता. दवाखान्याला किंवा दुकानाला फोन लावला की "तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, कृपया थांबा" असं कोणीतरी गोड आवाजात सांगतं ना, ते या कंपनीतून येतं. ऐकायला कोणालाच आवडत नाही, पण कोणीतरी म्हणावं तर लागतंच. घरी बसून म्हणायचं. नमुना पसंत पडला की काम पक्कं. मजकूर दुपारी यायचा आणि कचेरी बंद व्हायच्या आत आवाज परत पाठवायचा. म्हणजे नेमकी एमेतेरियाची गल्लीत फेऱ्या मारायची वेळ.

पहिला नमुना परत आला. कंपनीतल्या इंजिनिअर बाईंचा फोन आला तेव्हा मी झालर लावत होते. सेल्विन फोन स्पीकरवर टाकूनच बोलतो, त्यामुळे बाईही ऐकू येत होत्या.

"आवाज छान आहे हो तुमचा," बाई म्हणाल्या, "पण मागे कोण बाई ओरडतेय? बाजारात बसून बोलता की काय?"

"नाही नाही, घरी स्टुडिओच आहे," सेल्विन म्हणाला. "ती... शेजारीण आहे एक. जरा डोक्याने कमी आहे."

माझं मशीन थांबलं. शेजारीण म्हणजे मीच की! आणि मी तर सकाळपासून चकार शब्द काढला नव्हता. आधी मला संताप आला. मग तो कोणाबद्दल बोलला ते डोक्यात शिरलं आणि माझेच कान तापले. एमेतेरियाला मी हे सांगितलं नाही. अशी गोष्ट सांगायची तरी कुठल्या तोंडाने?

मोबाइल दुरुस्त करणाऱ्या ओस्मानने त्याला एक प्रोग्राम सांगितला. एक छदाम लागत नाही, नुसता कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा. त्याची गंमत अशी की त्याला आधी नुसत्या गोंगाटाचा तुकडा ऐकवायचा, 'हा गोंगाट' म्हणून दाखवायचं. तेवढा तो शिकतो आणि मग सगळ्या बोलण्यातून तो पुसून काढतो. ओस्मानच्या टपरीवर गिऱ्हाइकं खोळंबली होती, त्यामुळे सेल्विन एवढंच ऐकून पळत घरी आला. त्याला वाटलं, सगळं समजलं.

"आई, जरा इकडे ये. माइकसमोर एकदा ओरड बघू."

"मी? काय ओरडू?"

"तेच, रोजचं. मी मध्ये बोलणार नाही. फक्त तुझा आवाज पाहिजे."

एमेतेरियाने हात पुसले. "थांब जरा," म्हणाली आणि आत गेली. बाहेर आली ती आल्याचं गरम पाणी पिऊन, डोक्याला रविवारचा पिवळा रुमाल बांधून, कानात मोठे डूल घालून.

"अगं, आवाज घ्यायचाय, फोटो नाही!" मी खिडकीतून म्हटलं.

"तू गप शिव गं," ती म्हणाली. "पोराने माझ्याकडे आवाज मागितलाय."

माइक कॉफीच्या डब्यावर ठेवला होता. त्याच्यासमोर ती प्रार्थनेला उभी राहते तशी ताठ उभी राहिली आणि आरोळी दिली. "हा जरा कोरडा गेला," म्हणून पुन्हा दिली. मग तिसऱ्यांदा दिली ती तिची आई नाताळात द्यायची तशी, मधे झोका देऊन. माझ्या अंगावर काटा आला. सेल्विन कानांवर हेडफोन लावून जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, पोराचं मन भरून आलंय.

"कोण ऐकणार रे हे?" तिने विचारलं.

"कंपनी... म्हणजे, बघू."

झालं. घमेलं डोक्यावर घेऊन तिने पावाआधी ती बातमीच गल्लीभर वाटली. माझा आवाज सान पेद्रोला चाललाय! कोळ्यांनी तिची थट्टा मांडली. "आता तुझ्याकडून पाव घ्यायचा तर एक दाबा, उधारीसाठी दोन दाबा!" ती घमेलं सांभाळत हसत होती. एवढी हसलेली मी तिला फार दिवसांत पाहिली नव्हती.

घमेलं रिकामं करून आली ती नाचाच्या मंडळातल्या डेसिदेरियाला आणि आणखी दोघींना घेऊनच. मीही झालर अर्धी टाकून गेले. सेल्विन कॉम्प्युटरसमोर बसला होता, चेहरा पडलेला.

"लाव," एमेतेरिया म्हणाली.

"आई, ते अजून तयार नाही."

"नसू दे. या काय परीक्षा घ्यायला आल्यात?"

"हे दाबायचं का?" म्हणत डेसिदेरियाने कीबोर्डवरचं सगळ्यात लांब बटण दाबलंसुद्धा.

आवाज आला तो सेल्विनचा. पण पाण्याच्या टाकीत बसून कोणी बोलावं तसा, पोकळ, मधेमधे बुडणारा. "तुमचा फोन आमच्या... मोला..." एमेतेरिया हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत राहिली. ते संपलं.

"हा तर तू आहेस," ती म्हणाली. "आणि तुला सर्दी झालीय. मी कधी येते?"

सेल्विनने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"मी कुठे आहे रे यात?"

"तू... तुला काढलंय, आई." तो खुर्चीतून उठलाही नाही, वर बघायचीही त्याची हिंमत नव्हती. "माझ्या बोलण्यामागे तुझी आरोळी ऐकू येते. ती घालवायची होती. प्रोग्रामला आधी दाखवावं लागतं, गोंगाट कोणता ते."

"म्हणून मला ओरडायला लावलंस."

"हो."

"मग तुझा आवाज का असा झाला?"

"कारण तो तुझ्यासारखाच आहे," सेल्विन म्हणाला. "तुझं म्हणून पुसायला गेला, तर माझंही पुसलं गेलं. त्याला आपल्या दोघांत फरक कळला नाही."

एरवी डेसिदेरिया कशावरही हसते. ती हसली नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. एमेतेरियाने एका कानातला डूल काढला, मग दुसऱ्या कानातला, आणि दोन्ही मुठीत धरले. "बरं," ती म्हणाली. "काम महत्त्वाचं." आम्हाला बाहेर नेऊन तिने बाजूला ठेवलेले पाव हातावर ठेवले. त्यासाठीच ठेवले होते तिने, आवाज ऐकून झाल्यावर वाटायला. माझा मी तसाच घरी नेला.

दिवेलागणीला सेल्विन माझ्या खिडकीशी आला.

"मावशी, परवा मी फोनवर शेजारीण म्हणालो, ते ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"आईला सांगितलंस?"

"नाही. तिला आजचंच पुरे झालंय."

तो पेरूच्या झाडाची साल नखाने सोलत राहिला. "मला लाज वाटते, मावशी."

"कोणाची? तिची का?"

"आधी तिची वाटायची," तो म्हणाला. "आता, तिची वाटली याची वाटते."

मी त्याला समजावायला हवं होतं. पण मला त्याचा राग आला होता आणि दयाही येत होती, त्यामुळे मी नुसती रिळाला दोरा गुंडाळत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओस्मान स्वतः आला आणि त्याने सेल्विनची हजेरी घेतली. "अरे गाढवा, नमुना रिकाम्या खोलीचा द्यायचा असतो! सगळे गप्प असताना पंख्याची घरघर, फ्रिजची गुणगुण, तेवढीच. आणि तीही थोडीशीच काढायची, हावरटासारखी नाही, नाहीतर बोलणं बुडतं." माइकचा आवाज त्याने कमी केला, सेल्विनला माइकपासून वीतभर अंतरावर, जरा तिरकं बसवलं, फळ्यांच्या भिंतीवर आणि खिडकीवर गोधड्या टांगल्या. आवाज खरंच सुधारला. माझ्या खिडकीत बसूनही कळत होतं.

"आणि कोणी ओरडलं तर?" सेल्विनने हळूच विचारलं.

"त्याला कुठल्याच प्रोग्रामात औषध नाही. ओरडणारा थांबेपर्यंत थांबायचं."

बाहेर एमेतेरिया खोबरं किसत होती. किसणीचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

त्या दुपारी आरोळी आली नाही. आरोळी आली की मी उठून कॉफी टाकते. उठलेच नाही, आणि कॉफीवाचून डोकं दुखायला लागलं तेव्हा लक्षात आलं. बघते तर एमेतेरिया मागच्या फाटकाने निघालेली, डोक्यावर घमेलं, चपला हातात. स्वतःच्या घरावरून ती चोरपावलांनी गेली. दाराकडे तोंडसुद्धा केलं नाही. अख्खी गल्ली मुक्याने फिरली. जिची नजर पडली तिने पाव घेतला, बाकीच्या आत वाट बघत राहिल्या. अर्ध्याहून जास्त पाव परत आले आणि कोंबड्यांपुढे पडले. कोणी विचारलं तर म्हणायची, "घसा बसलाय गं." पुढच्या दिवशीही तेच, त्याच्या पुढच्याही. त्याच शांततेत सेल्विनने नवा नमुना कंपनीला पाठवला.

"आई, ओरड तू, मी थांबेन," सेल्विन तिला म्हणाला, मी ऐकलं.

"नको रे. तुझं काम पक्कं होऊ दे आधी," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्याला भांडता तरी आलं असतं.

मग कंपनीचा फोन आला. ऐन दुपारची वेळ.

"वा! काम पक्कं समजा," इंजिनिअर बाई खुशीत होत्या. "तुमची ती शेजारीण राहायला गेली वाटतं दुसरीकडे? मागची शांतता किती सुरेख आहे हो!"

सेल्विन खिडकीवरची गोधडी बाजूला सारून उभा होता. त्याने 'हो' म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात समोरून एमेतेरिया चालली होती, अनवाणी. पलीकडच्या दारातून कोळ्याची बायको ओरडली, "एमेतेरिया, पाव आहेत का गं?" एमेतेरियाने पटकन ओठांवर बोट ठेवलं आणि मान किंचित हलवून आपल्या घराची खिडकी दाखवली. कोळ्याच्या बायकोने तोंडावर हात ठेवला. दोघी खाणाखुणांनी पावांचा व्यवहार करू लागल्या.

सेल्विनने ते पाहिलं. त्याचा चेहरा असा झाला की मी नजर वळवली.

"ती शेजारीण नव्हती," तो फोनमध्ये म्हणाला. "माझी आई आहे ती."

"काय म्हणालात?"

त्याने फोन तसाच चालू, टेबलावर ठेवला. कमरेपर्यंत खिडकीबाहेर वाकला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "पान दे कोकोऽऽ! आला गं आला, गरम आला!" शेवटचा 'आला' तिच्यासारखाच वर चढला. किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी माना वळवल्या. दारं उघडली, बायका ताटल्या घेऊन बाहेर आल्या. इतके दिवस घराला न मिळालेली आरोळी घराकडूनच आली होती.

मला वाटलं, आता एमेतेरिया हसेल. पण ती घाबरली होती. एका हाताने डोक्यावरचं घमेलं धरून ती जवळजवळ धावतच खिडकीशी आली. तिने दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्या तोंडावर दाबला आणि आत टेबलाकडे बघत कुजबुजली, "हळू रे बाळा, हळू. कंपनीला ऐकू जाईल."