पाच जणींचा एकटेपणा

चित्रकलेच्या सरांना दरवर्षी एक नवं खूळ लागायचं. गेल्या वर्षी मातीचे मुखवटे झाले, यंदा कृष्णधवल फोटो. कुठूनतरी त्यांनी रोलचे जुने कॅमेरे मिळवले, प्रयोगशाळेच्या अडगळीच्या खोलीत लाल दिवा लावून डार्करूम थाटली आणि पालकदिनाच्या प्रदर्शनासाठी विषय दिला : शाळेतला एकटेपणा. रंग काढून टाकले की नुसती भावना उरते, असं ते म्हणाले. रंग काढून टाकले की भिंतीवरची ओल तेवढी झाकली जाते, असं घुमीला वाटलं. पण ती बोलली नाही. बोलत नाही म्हणून तर वर्ग तिला घुमी म्हणायचा.

विषय एकटेपणाचा आणि काम गटागटानं करायचं, यातला विनोद सरांच्या गावीही नव्हता. घुमीला कोणत्याच गटानं घेतलं नाही, तेव्हा सरांनी तिला राणीसाहेबांच्या गटाला चिकटवून दिलं. राणीसाहेब हे नाव घुमीनं मनातल्या मनात ठेवलेलं. वर्गातली सगळ्यांत लाडकी मुलगी. पाणी प्यायला निघाली तरी मागे चार मैत्रिणींची वरात. राणीसाहेबांनी उदार मनानं परवानगी दिली. कॅमेरा धरायला कोणीतरी लागणारच होतं.

घुमीच्या मते वर्गात अक्कल असलेलं एकही माणूस नव्हतं. आई रोज इस्त्री करता करता विचारायची, आज कोणाशी बोललीस का गं? बोलण्याच्या लायकीचं कोणी भेटलं तर बोलेन, असं घुमी ठसक्यात सांगायची. आई मग बाहीवरून इस्त्री फिरवत राहायची. खरं तर हा ठसका घुमीला रोज सकाळी नव्यानं अंगावर चढवावा लागायचा, आणि शाळा सुटेपर्यंत तो चांगलाच जड व्हायचा.

फोटोचा दिवस ठरला. संध्याकाळच्या उन्हात, व्यायामशाळेमागच्या पायऱ्यांवर राणीसाहेब एकट्या बसणार होत्या. या एकटेपणाच्या तयारीला चौघी जणी राबत होत्या. एकीनं उजेड तोंडावर पाडायला पांढरी चादर ताणून धरली होती. दुसरी कंगव्यानं केस विस्कटत होती, कारण दुःखी माणसाचे केस विंचरलेले नसतात म्हणे. तिसरीकडे सगळ्यांची दप्तरं. चौथी भाव सांगत होती.

"तुझा कुत्रा मेलाय असं समज."

"आमच्याकडे कुत्रा नाहीये."

"मग आणा आणि मारा," चादरवाली म्हणाली, आणि पाचही जणी खिदळत एकमेकींच्या अंगावर पडल्या.

घुमीनं तोंड वाकडं केलं. हे यांचं दुःख! हिला एकटं बसवायला चार माणसं लागतात, आणि पालकदिनाला सगळे या फोटोसमोर उभे राहून च्यक च्यक करणार. तिनं सांगितल्याप्रमाणे जवळून एक फोटो काढला : मान खाली, हात गुडघ्यांभोवती. अशा माना सरांकडे आधीच ढिगानं जमल्या होत्या. मग ती हळूच मागे मागे सरकत गेली, चादर, कंगवा, दप्तरं, खिदळणं सगळं चौकटीत येईपर्यंत, आणि तिनं दुसरा फोटो काढला. कोणाचं लक्षही नव्हतं.

डार्करूममध्ये तिनं दुसऱ्याच फोटोची मोठी प्रिंट काढली. लाल उजेडात पाण्यातून पाच उघडी तोंडं वर येताना बघून तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. 'एकटेपणा' अशा ठसठशीत पाटीखाली हा फोटो लागला की यांचा सगळ्या शाळेसमोर पचका होणार होता. तिला बक्षीस नको होतं. या पाच जणी एकदा, फक्त एकदा, चारचौघांत खजील झालेल्या तिला बघायच्या होत्या. मग त्यांनी तिच्याकडे रागानं बघितलं असतं. रागानं का होईना, बघितलं असतं. एवढ्यासाठी तिनं महिनाभर तो फोटो कोणाला दाखवला नव्हता.

पालकदिनाच्या सकाळी तिनं पाटीखाली फोटो टाचला आणि बाजूला उभी राहिली. वरात आली. राणीसाहेबांनी फोटो पाहिला आणि डोळे मोठे केले.

राणीसाहेब पोट धरून हसायला लागल्या.

मग चौघी हसल्या, मग पलीकडचा गट आला, मग सगळा वर्गच लोटला. कंगवा बघ, तुझं तोंड बघ, अगं चादरीतून पाय कोणाचे दिसतायत. प्रत्येकीला प्रिंट हवी होती. सरही मान डोलावत म्हणाले की मैत्री अशी पकडता यायला नजर लागते. विषय काय दिला होता, ते विसरून ते मोकळे झाले होते. ज्यांना लाजच नाही त्यांना लाजवणार कसं? घुमीचा महिना पाण्यात गेला.

"सर, पण हे खाली काळं काय आलंय?" राणीसाहेबांनी विचारलं.

सगळे वाकले. फोटोच्या तळाला, पायऱ्यांच्या अलीकडे, जमिनीवर एक लांबलचक सावली पडली होती. दोन्ही कोपरं बाहेर, मान खाली, कॅमेऱ्यावर वाकलेली. पाच तोंडांच्या नादात घुमीनं ती पाहिलीच नव्हती.

कोणाची सावली, यावर चर्चा झाली. एकीला वाटलं शिपाईकाकांची. दुसरी म्हणाली, सरच असतील, फोटो सरांनीच काढला ना? सर म्हणाले, मी तर तिकडे फिरकलोही नाही. घुमी त्यांच्या पाठीशी हातभर अंतरावर उभी होती.

"माझी आहे," ती म्हणाली. "फोटो मी काढलाय."

राणीसाहेब वळल्या. "अय्या, तू होतीस का?" त्यांच्या आवाजात कुजकेपणा असता, तर घुमीकडे उत्तर तयार होतं. पण त्यांना खरंच आठवत नव्हतं. "मग तेवढं कापून दे ना. त्यानं मजा जातेय."

इतके दिवस घुमी यांना तुच्छ मानत होती, आणि यांना त्याचा पत्ताही नव्हता. तुच्छ मानायलाही समोरच्यानं आपल्याला ओळखावं लागतं. तिला रडू आलं. ते तिनं गिळलं, फोटो काढून टेबलावर ठेवला, पट्टी लावली आणि कटर फिरवला. वरचा भाग तिनं त्यांच्या हातात दिला. ती वरात तो नाचवत दाराकडे गेली, येणाऱ्या पालकांना सगळ्यांत आधी दिसावा म्हणून.

टेबलावर हातभर लांबीची, चार बोटं रुंदीची, सावलीची काळी पट्टी उरली होती. घुमीनं ती उचलली आणि 'एकटेपणा' पाटीखाली, रिकाम्या झालेल्या जागी लावली.

सर घाईनं आले. पालक फाटकात आले होते.

"अगं, हा तुकडा कसला ठेवलास इथे? कोणीसुद्धा दिसत नाही यात."

"विषय तोच दिला होता ना, सर," घुमी म्हणाली, आणि दुसरी टाचणी लावायला वळली.