व्यंकटीची कंबर आणि मी

मी एक जुना कमरपट्टा आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी स्वभावाने जळका आहे. इतर जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना किती गोड बोलतात! मला ते जमायचं नाही. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं. मला पोट नाही, तरीही दुखतं.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. ताणलं की लांबणारं जाड कापड, पाठीच्या बाजूला चार लवचीक काड्या आणि दोन्ही टोकांना वेल्क्रो, असं माझं रूप. वेल्क्रो म्हणजे एका टोकाला बारीक आकडे आणि दुसऱ्या टोकाला मऊ लव. एकमेकांवर दाबलं की घट्ट धरतात, ओढलं की करकर करत सुटतात. आमच्या घरी त्याला 'करकरी' म्हणतात. खोक्यात घालून मला सेलूला पाठवलं आणि औषधांच्या दुकानात मी तीन महिने खोकल्याच्या बाटल्यांशेजारी बसून काढले. तिथेही मला गुडघ्याच्या पट्ट्याचा राग यायचा, कारण गिऱ्हाईक आधी त्यालाच हात लावायचं.

मग फाल्गुनात मला व्यंकटी मिळाला. तो जिनिंगमधला, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातला हमाल. कापसातून निघालेली सरकी, म्हणजे बी, साठ-साठ किलोच्या पोत्यांत भरतात. ती पोती पाठीवर घेऊन लाकडी फळीवरून ट्रकमध्ये चढवायची, हे त्याचं बारा वर्षांचं काम. एक दिवस फळीवर पाय घसरला आणि कंबरेत अशी चमक भरली की टोळीतल्या चौघांनी त्याला उचलून आणलं. डॉक्टरांनी तपासलं. हाडं शाबूत होती. त्यांनी मला दुकानातून आणवलं, माझ्या खोक्यावर पेनाने लिहिलं, 'तीन आठवडे', आणि त्याच्या बायकोला, विजयमालाला, तोंडानेही सांगितलं. पण घरी पोचेपर्यंत दोघांच्या ध्यानात एकच शब्द राहिला, 'बांधा'. माझ्या खोक्यात विजयमालाने सुया-दोरे ठेवले आणि ते फडताळात गेलं.

मित्रांनो, मला ते तीन आठवडे ठाऊक होते. मी गप्प बसलो.

का बसू नये? काय दिवस होते ते! व्यंकटी मला फक्त अंघोळीपुरतं सोडायचा. जेवताना, बसताना, झोपताना मी आपला त्याच्या कंबरेला. कुणी भेटायला आलं की तो सदरा वर करून मला दाखवायचा. "ह्या पट्ट्यानं वाचिवलं बगा, न्हाईतर मी कामातून गेलो व्हतो." मी फुगून जायचो. गल्लीत माझं नाव झालं. समोरच्या सरजाबाईने भाकरी थापून पाठ दुखते म्हणून मला अर्धा दिवस नेलं. आणि शेजारच्या सटवाजीने तर कहर केला. त्याला चुडाव्याला लग्नाला जायचं होतं, प्रवासात हादरे बसतील म्हणून त्याने मला दोन दिवसांसाठी मागून नेलं. त्याचं पोट एवढं मोठं की माझी टोकं एकमेकांना भेटेनात. दोन्ही दिवस मी व्यंकटीच्या आठवणीने झुरत होतो.

परत आलो तर व्यंकटी बाजेवर. दोन दिवस तो उठलाच नव्हता. फार दुखत होतं म्हणून नव्हे. पट्टा नाही तर उठायचं कसं, म्हणून. काय सांगू, मला केवढा आनंद झाला! विजयमालाचं मात्र डोकं फिरलं.

"पट्टा गावाला गेला की मानूस बाजंवर! उद्या पट्टा हरवला तर काय, तिरडी बांधू का?"

त्याच आठवड्यात टोळीचा मुकादम किशनराव घरी आला. चहाची बशी खाली ठेवून म्हणाला, "व्यंकटी, दिवाळीला जिनिंग सुरू होतंय. तवर तुझी जागा धरतो. पुढं मला दुसरा गडी बगावा लागंल. राग मानू नको." व्यंकटीने भिंतीकडे तोंड केलं. टोळीशिवाय आपण कोण, हे त्याला सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी विजयमालाने त्याला हाताला धरून स्टेशनजवळच्या संघप्रिया मॅडमकडे नेलं.

ही संघप्रिया मूळची पेडगावची. व्यायामाने दुखणी बरी करायचं शिक्षण तिने घेतलेलं होतं. त्यातही तिचं खास काम म्हणजे दुखावलेल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या कामावर परत उभं करणं. पहिल्या भेटीतच ती माझ्या डोळ्यांत खुपली.

"पट्टा बांधून काय काय करता?" तिने विचारलं.

"समदंच," व्यंकटी म्हणाला. "झोपतो बी."

"आणि डॉक्टरांनी किती दिवस सांगितला होता?"

नवरा-बायको एकमेकांकडे बघायला लागली. विजयमालाला खोक्यावर काहीतरी लिहिल्याचं आठवलं. पुढच्या खेपेला ती सुया-दोऱ्यांसकट खोकंच घेऊन आली. मॅडमने मोठ्याने वाचलं, "तीन आठवडे." तोवर साडेचार महिने झाले होते. माझी चोरी अशी भर खोलीत उघडी पडली.

मॅडमने मला सोडून खुर्चीवर ठेवलं आणि व्यंकटीचीच दोन बोटं त्याच्या पोटावर दाबायला लावली. "आता खोका. बोटांखाली काहीतरी घट्ट झालं? तो तुमचा स्वतःचा पट्टा, स्नायूंचा. पोटात आडवा असतो, जन्माला घालतानाच बांधून पाठवतात. ह्या बाहेरच्या पट्ट्याच्या भरवशावर तुम्ही त्याला काम दिलं नाही, म्हणून तो आळसावलाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आत दुसरा पट्टा! इतके दिवस मी ज्या कंबरेला माझी म्हणत होतो, तिथे आधीपासून कुणीतरी राहत होतं. ना त्याला काड्या, ना करकरी, ना खोकं, आणि म्हणे तोच खरा. मी त्या क्षणी त्याचा जन्माचा वैरी झालो.

मॅडम मग दोन दिवस जिनिंगमध्ये जाऊन बसली. तिथे गेल्या हंगामातली उरलेली सरकी भरणं चालू होतं. ढिगापासून ट्रकपर्यंत किती पावलं, फळी किती चढाची, पोतं पाठीवर कोण देतं, किती खेपांनंतर टोळी दम खाते, हे सगळं तिने घड्याळ लावून वहीत उतरवलं. हमाल हसले, "मॅडम, देऊ का एक पोतं?" तिने वीस किलोचा कट्टा, म्हणजे लहान पोतं, मागितला, पाठीवर घेतला, फळी चढून दाखवली आणि घाम पुसत परत वही उघडली. त्यानंतर कुणी हसलं नाही.

तिथून ती एक तागाचं पोतं घेऊन आली. त्यात दहा किलो वाळू भरली, तोंड शिवलं आणि खोलीच्या मधोमध ठेवलं. मित्रांनो, मी पुल्लिंगी शब्द आहे, पण सवत घरात आली की कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. ते मळकं, वासाचं, भोकं पडलेलं पोतं! त्याला व्यंकटी उचलायचा, पाठीवर घ्यायचा, खोलीभर मिरवायचा, अलगद खाली ठेवायचा. मला कधी कुणी अलगद ठेवलं होतं?

पोतं नेताना मॅडम त्याच्या बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावायची आणि विचारायची, "शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे आता जीव जातो. किती दम लागला?" व्यंकटी दर वेळी छाती काढून सांगायचा, "नऊ!" चिमटा मात्र दाखवायचा की गडी आरामात आहे. तीन दिवसांनी उलगडा झाला. त्याला ते शाळेतले मार्क वाटत होते. कमी सांगितले तर मॅडम नापास करील, अशी भीती. मॅडम हसून हसून खाली बसली. "मार्क नाहीत हो! तुमच्या भाषेत सांगा, किती दमलात?"

व्यंकटीने जरा विचार केला. "खरं सांगू का? चार आणे."

त्या दिवसापासून भिंतीवर आण्यांचा कागद लागला. चार आणे, आठ आणे, बारा आणे, सोळा आणे. "बारा आणे झाले की थांबायचं," मॅडमने बजावलं. "उभ्यानं श्वास घ्यायचा, चार आण्यावर आलं की निघायचं. थांबलं म्हणून कुणी नापास करत नाही." वाळू आठवड्याआठवड्याने वाढत गेली. उचलताना श्वास सोडायचा, पोट आत घ्यायचं, आधी पाय वळवायचे आणि मग अंग, हे व्यंकटीच्या अंगी उतरत गेलं. मला आधी चालताना सोडलं, मग झोपताना. पोतं उचलण्यापुरता तरी मी उरलो होतो. आणि एक दिवस त्याने श्वास सोडला तसं आतून मला कुणीतरी ढकललं. तोच तो, आतला! जागा झाला होता मेला.

त्यानंतर माझे हाल झाले. व्यंकटीने मला घरी नेऊन असं भिरकावलं, की मी उशीसाठी काढून ठेवलेल्या कापसाच्या टोपल्यात पडलो. महिनाभर कुणी झटकलंसुद्धा नाही. माझ्या करकरीच्या आकड्याआकड्यांत कापूस शिरून बसला. मी तिथे पडल्या पडल्या एकच गोष्ट मागत होतो, की व्यंकटीची कंबर पुन्हा धरावी आणि त्याला माझ्याकडे रडत यावं लागावं. वाईट बोललो, पण खोटं नाही बोललो.

परीक्षेचा दिवस ठरला. खरं पोतं, साठ किलोचं, आणि दहा खेपा. किशनराव म्हणाला, "मधी थांबला तर जागा गेली." मॅडमने वही पुढे केली. "तुमची टोळी बी थांबते, किशनराव. मी घड्याळ लावून बघितलंय. उभ्यानं थांबायचं चालेल. बसला, तर तुमचं खरं." मुकादमाने वही उलटसुलट बघितली आणि कबूल झाला.

सकाळी व्यंकटी टोपल्यापाशी आला. विजयमाला बाहेर होती.  "आजच्या दिस," तो पुटपुटला आणि मला सदऱ्याच्या आत बांधलं. मित्रांनो, मी विजयाने नाचायचाच बाकी होतो! आला ना शेवटी माझ्याकडे! आता दहा खेपा मी त्याला असा आवळून धरणार होतो की जिनिंगभर माझंच नाव व्हावं.

पहिली खेप झाली. दुसरी, तिसरी. आतला तो दर उचलण्याला घट्ट होत होता आणि मी वरून जीव खाऊन दाबत होतो. चौथ्या खेपेला, ढीग सोडून फळीकडे निघताना, माझी पकड ढिली पडायला लागली. आकड्यांत कापूस, धरणार कशाला? करकर आवाजही झाला नाही. मी सुटलो, सदऱ्याखालून घसरलो आणि मातीत पडलो. व्यंकटी तसाच फळी चढून गेला.

"हे कुनाचं रं?" म्हणत किशनरावने मला उचललं. मॅडमने झटकन मला त्याच्या हातून घेतलं आणि ओठांवर बोट ठेवलं. टोळी गप्प झाली. पुढच्या सहा खेपा मी वैरिणीच्या हातातून बघितल्या. सातव्या खेपेनंतर व्यंकटी थांबला, "बारा आणे!" असं जोरात ओरडला, ट्रकला हात टेकून उभ्यानं श्वास घेतला आणि परत ढिगाकडे निघाला. तो पडावा असं मला वाटत होतं का? वाटत होतं. आणि दहावं पोतं ट्रकमध्ये टेकलं तेव्हा मॅडमच्या हाताला सुटलेला घाम माझ्या कापडाला लागला.

किशनराव पुढे आला. "सोमवारी ये कामावर."

व्यंकटीचे डोळे भरून आले. तो मॅडमकडे वळला आणि मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, खोटं कशाला बोलू. तुमाला न सांगता पट्टा बांधून आलतो. त्याच्यामुळंच जमलं." आणि दाखवायला त्याने सदरा वर केला.

उघडी कंबर! तो स्वतःकडे बघतच राहिला. पुढून चाचपलं, मागून चाचपलं. मॅडमने मला पुढे धरलं. "चौथ्या खेपेलाच पडला." टोळी अशी हसली की गोदामावरची कबुतरं उडाली. व्यंकटीही हसला, हसता हसता रडला. आणि मला काय लागलं सांगू? मी पडलो याचं नाही. मी पडलो ते त्याला कळलंच नाही, याचं.

आता मी खुंटीला असतो. परवा सटवाजी पुन्हा मला मागायला आला. व्यंकटी म्हणाला, "पट्टा न्हाई देत. चल, मॅडमकडं नेतो तुला." दोघं गेले. मी त्या सटवाजीसाठीसुद्धा जळलो.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. माझ्याही तोंडात तेच येतं, पण खरं सांगायला हवं. कंबर गेली तर मला बांधा, मी जीव तोडून धरीन. फक्त सोडायची तारीख डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा आणि सुया-दोऱ्यांच्या खोक्यावर नको, रोज दिसेल अशा भिंतीवर लिहा. माझ्यावर सोपवू नका. मला ती तारीख पाठ असेल, आणि मी तुम्हाला सांगणार नाही.