तोरणमाळच्या बंगल्यातली गरम फरशी

दर पौषात तोरणमाळच्या बंगल्यात अबकारी साहेबांचे पाय गारठायचे. छत्तीस साली त्यांनी हुकूम काढला : फरशीखालून गरम पाणी फिरवा, मी रविवारी येतो, पाय गार राहिले तर ओव्हरसियरने घरी जावे.

ओव्हरसियर म्हणजे लोटन. मी त्याचा कारकून. लोटनने शहाद्याहून अर्ध्या इंची नळी मागवली, दोनशे फूट, एकच लांबलचक वेढा. "बारीक मानूस जोरमा पळस, तसं बारीक नळीमा पानी पळी," हे त्याचं गणित. बाहेर भट्टीवर टाकी, पाणी ढकलायला हातपंप, आणि पंपाला गडी जेठ्या.

शुक्रवारी भट्टी पेटवली. जेठ्या तापला, सदरा काढून बसला. खोली गारच. ऊब कुठवर पोचली ते मोजायला आम्ही बंगल्याचं कुत्रं आत सोडलं. ते नवव्या फुटावर बसलं. "आजून जोरमा!" लोटन ओरडला. पंपाचा दांडा वाकला. कुत्रं दहाव्या फुटावर गेलं.

"गई मन्ही नोकरी," म्हणत लोटन खाली बसला.

बंगल्याला लाकडं पुरवणारी फुलीबाई मोळी टाकून हे बघत होती. म्हणाली, "दादा, एवढ्या बारीक नळीतून मोहाची वाफसुद्धा जात नाही, पाणी काय जाईल?"

आम्ही तिच्याकडे पाहिलं. तिने पदर तोंडावर घेतला.

"मला काय माहीत? ज्याला माहीत आहे त्याच्या शेजाऱ्याने सांगितलं."

"मंग तो शेजारी काय करी?"

"तो वेढ्याचे तीन तुकडे करील. दोन टोकांना दोन जाड नळ्या, मध्ये तीन आखूड वेढे. पाणी वाटून जाईल, जेठ्याचा जीव वाचेल."

"जाड नळी कोठे शे?"

संध्याकाळी तांब्याच्या दोन जाड नळ्या आल्या. त्या शेजाऱ्याला झाडाखाली सापडल्या होत्या म्हणे.

शनिवारी कुत्रं खोलीभर लोळलं.

रविवारी साहेब आले, बूट काढले, आणि अकरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा हसले. मग त्यांनी नाक वर केलं. पलंगाजवळचा सांधा गळत होता. गरम तांबं आपल्या जुन्या धंद्याच्या आठवणी सगळ्या खोलीत सोडत होतं.

"लोटन, हा वास कसला?"

"जंगलनं पानी शे, साहेब."

"ही दारू गाळायची नळी आहे. जप्त करा!"

"करतो, साहेब. फरशी खनावी लागेल."

"मग खणा."

"आत्ताच? पाय वर घ्या मग. भट्टी विझवतो."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. गवतावर पांढरं दव गोठलं होतं. पायाची बोटं त्यांनी फरशीवर एकदा पसरली, एकदा मिटली. मग वही मागवली आणि लिहिलं : मुद्देमाल आढळला. जप्ती वैशाखात करावी. तोवर तो जागेवर, गरम स्थितीत ठेवावा.

मुद्देमाल म्हटला की त्यावर जबाबदार माणूस लागतो. वैशाखापर्यंत लोटनला काढता येईना.

वैशाखात साहेब म्हणाले, एवढ्या उन्हात फरशी कोण खणतो.