चुगलीपेटीत आलेलं शेवटचं उत्तर

मी एक प्रणाली बोलतेय. नाव जड आहे, काम साधं होतं. सैन्यातल्या एखाद्या अधिकाऱ्याला आपण माणसं कशी सांभाळतो हे जाणून घ्यायचं असलं, की तो ऑनलाइन माझ्याकडे नाव नोंदवायचा. मग मी त्याच्या वरिष्ठांना, बरोबरीच्यांना आणि हाताखालच्या जवानांना प्रश्न पाठवायची. उत्तरं आली की अहवाल तयार करायची आणि तो फक्त त्या अधिकाऱ्यालाच दाखवायची. जवानांची नावं मी कुणालाही सांगत नसे. माझ्यामुळे कुणाची बढती अडत नव्हती की बदली होत नव्हती. माणसाने स्वतःकडे नीट बघावं, एवढ्यासाठीच मला घडवलं होतं.

कागदोपत्री माझं नाव चांगलं लांबलचक होतं. जवानांनी ते पहिल्याच महिन्यात मोडीत काढलं आणि मला 'चुगलीपेटी' म्हणू लागले. मला राग आला नाही. चेष्टा करायचे, पण लिहायचे मनापासून.

आपल्याबद्दलचं खरं वाचून माणूस बावचळतो. म्हणून माझ्या सोबतीला एक बाई नेमल्या होत्या. पूर्वी त्या शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत. अधिकारी आपल्या ऑफिसात, बाई आपल्या घरी, आणि दोघं माझ्या पडद्यावर समोरासमोर. बाईंच्या मागे एक कपाट, इस्त्रीला काढलेल्या कपड्यांचा ढीग आणि अधूनमधून खांद्यावर टॉवेल टाकून जाणारे त्यांचे यजमान. एका कर्नलसाहेबांनी तर सवयीने यजमानांनाच सलाम ठोकला होता. यजमानांनीही टॉवेल सावरत तो घेतला.

सुरुवातीची वर्षं सुखाची गेली. 'साहेब चुकलं की चारचौघांत बोलतात', 'साहेब आमचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत', असं काहीबाही जवान लिहीत. वाचताना अधिकाऱ्यांचे कान लाल होत. बाई विचारत, "यातलं कुठलं लागलं?" जे लागलेलं असे, ते पुढच्या वर्षीच्या उत्तरांत बहुधा दिसत नसे. मला एवढंच हवं होतं.

मग एका मेजरसाहेबांचा अहवाल आला. त्यात एक वाक्य होतं, 'रजेचा अर्ज आला की साहेब गाडीत हसतात, म्हणतात, यांच्या आया दर महिन्याला आजारी पडतात.'

मेजरसाहेबांनी ते दोनदा वाचलं. "गाडीत माझ्याबरोबर एकच माणूस असतो," ते म्हणाले.

"साहेब, कोणी लिहिलं ते सोडा. काय लिहिलंय ते बघा," बाई म्हणाल्या.

"बघितलं ना," असं म्हणून त्यांनी पडदा बंद केला.

गाडीतला तो माणूस म्हणजे त्यांचा ड्रायव्हर. वयाने मोठा, म्हणून सगळे त्याला मामा म्हणत. त्याच सुमाराला मामांची आई दवाखान्यात होती. मामांनी रजा मागितली. कामाची निकड आहे, असा शेरा मारून ती नाकारली गेली. पुन्हा मागितली, पुन्हा नाकारली गेली. मामा घरी पोचले तेव्हा आई गेली होती, खाट रिकामी होती आणि थोरली बहीण त्यांच्याशी बोलायला तयार नव्हती.

हे सगळं मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की त्या तळावरून येणारी उत्तरं आखूड होत चालली आहेत. 'सर्व ठीक.' 'सर्व ठीक.' मग शेजारच्या तळावरून तेच. मग सगळीकडून. मी नाव सांगितलं नव्हतं, पण नाव कळलं होतं. बातमी गाड्यांबरोबर फिरली आणि लोकांचं तोंड बंद झालं. ज्या पेटीत काही पडतच नाही, ती कोण ठेवणार? वरच्या कार्यालयातून पत्र निघालं, 'सदर प्रणाली अपेक्षित उपयोगाची न राहिल्याने बंद करण्यात येत आहे.'

बाईंना ते पत्र आलं तेव्हा त्या एका तरुण कॅप्टन मॅडमशी बोलत होत्या. मॅडमचा अहवाल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत 'सर्व ठीक' होता. मॅडम खुशीत होत्या.

बाई म्हणाल्या, "मॅडम, रागावू नका. पण सगळेच ठीक म्हणतात, तेव्हा कोणी बोलत नसतं."

मॅडमचं हसू ओसरलं. "मग काय करू?"

"जाऊन बसा त्यांच्यात. लगेच काही विचारू नका."

मॅडम ऐकणाऱ्या निघाल्या. त्या गाड्यांच्या शेडमध्ये जाऊन बसू लागल्या. मामा आता त्यांच्याच तुकडीत होते. बाईंशी झालेल्या अखेरच्या बोलण्यात मॅडमनी हे सांगितलं.

"मी म्हटलं, मामा, बसा. तर म्हणाले, उभाच बरा. चारपाच दिवस असंच चाललं. काल बसले. आईचं सगळं सांगितलं. मग मी विचारलं, माझ्याबद्दल काही सांगायचंय का? तर म्हणाले, काही नाही मॅडम." मॅडम पडद्याजवळ सरकल्या. "बाई, त्यांना काहीतरी सांगायचं होतं. ओठांवर आलं होतं हो."

"येईल. घाई करू नका."

"तुम्ही नसाल आता. मी कुणाशी बोलू?"

"त्यांच्याशीच बोला की," बाई म्हणाल्या. मॅडम गेल्यावर त्यांनी बोटाने माझ्या पडद्यावरची धूळ पुसली आणि मला बंद केलं. बाईंची माझी भेट तेवढीच उरली होती.

अहवाल बनवण्याचं माझं काम त्याच आठवड्यात थांबवलं. प्रश्नांचं पान मात्र चुकून उघडं राहिलं.

त्या पानावर मामा आले.

तळावरच्या वाचनालयातल्या संगणकावर ते एकेक अक्षर शोधून लिहीत होते. लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. शेवटी इतकं राहिलं :

'मॅडम चांगल्या आहेत. पण वेळेत पोचायचं म्हणून ताफा कुठे थांबवत नाहीत. ड्रायव्हरलोकांना डुलकी लागते. मलाही एकदा लागली. पुढच्या सोमवारी घाटाचा रस्ता आहे. मध्ये तासभर थांबावं ही विनंती. तोंडावर बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून इथे लिहितो.' खाली, कुणी विचारलं नसताना, त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं.

मग मी ते केलं जे मला शिकवलेलं होतं. पडद्यावर अक्षरं आली, 'धन्यवाद. आपलं मत नोंदवलं आहे.'

मामांनी ते वाचलं आणि पान मिटलं. सांगून झालं, असं त्यांना वाटलं असणार. आता ते मॅडमना तोंडी सांगायला जाणार नाहीत.

आज मला कायमचं बंद करायला एक तंत्रज्ञ आला आहे. त्याला ते उत्तर दिसलं. त्याने फोन लावला, "साहेब, एक उत्तर आलंय. पाठवायचं कुणाला?"

"अहवाल बंद झालेत ना? मग कुणाला पाठवणार? आणि वाचू नको ते, गोपनीय असतं. पुसून टाक."

त्याने वाचलं नाही. माझाच नियम त्याने पाळला. आता तो एकेक कप्पा रिकामा करतोय आणि माझ्याकडे थोडेच शब्द उरले आहेत.

मॅडम, सोमवारी निघण्याआधी गाडीपाशी जा. मामांना विचारा. ते काही नाही म्हणतील. तरी तिथून हलू नका. पुन्हा विचारा.