चौदा दिवसांची ओल

"हात लावू नका त्यास्नी. कच्चे हायत अजून," सुलाबाई म्हणाली.

सिमेंटच्या पाइपावरचं ओलं पोतं उचलून बघणारा माणूस वळला. सुलाबाईनं त्याला लगेच ओळखलं. तिच्या गावचा माणिकराव.

"आश्रुबाची सुलाबाई ना तू? हितं असतीस व्हय?"

"अकरा वर्सं झाली."

अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराच्या दंगलीत, गावानं त्यांची वस्ती पेटवली. ती आणि तिचा नवरा आश्रुबा नेसत्या कपड्यांनिशी पूर्णेला आले आणि स्टेशनापलीकडच्या या पाइपांच्या कारखान्यात कामाला लागले. दोन वर्षांत आश्रुबा गेला. तेव्हापासून आवारातल्या पत्र्याच्या खोलीत ती एकटीच राही. काम एकच: साच्यातून निघालेले पाइप चौदा दिवस ओले ठेवायचे. मे महिन्यातल्या वाऱ्यानं पोती तासाभरात कडक होत. ती वाऱ्याच्या बाजूनं बांबूचे तट्टे उभे करी, पाणी मारी, पोत्याखाली हात घालून ओल बघी. दिवस दिवस तिच्याशी कुणी बोलत नसे.

"आपल्या गावच्या वढ्यावर टाकायचेत हे," माणिकराव म्हणाला. "मिरगाच्या आत रस्ता व्हायला पायजे. ट्रक घेऊनच आलोय."

सुलाबाईनं हातातली बादली खाली ठेवली. हे पाइप कुठं जाणार, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"आठच दिवस झालेत. आणखी सहा पायजेत."

"दगडावानी तर झालेत की!"

"वरून. आत्ता नेले तर भरल्या गाडीखाली फुटतील. लेकराबाळांच्या गाड्या जाणार त्याच्यावरून."

माणिकरावनं पोतं पुन्हा पाइपावर टाकलं. पूर्वी ती त्याला मालक म्हणायची. आज तो शब्द तिच्या तोंडी आला नाही.

"माणिकराव, आमच्या जागंवर काय हाय आता?"

त्यानं टोपी काढून घाम पुसला. "कडबा रचतेत लोकं." मग खालच्या आवाजात म्हणाला, "त्या दिवशी मी गावातच व्हतो, सुलाबाई. दार लावून बसलो."

ती बादली उचलून म्हणाली, "सहा दिवसांनी या."

ट्रक रिकामाच गेला.

तिसऱ्या दिवशी लाइट गेली, मोटार बंद पडली. भर उन्हात तिनं विहिरीतून पाणी शेंदलं आणि एकेक पोतं भिजवलं. तळहाताला फोड आले. आवारात बघणारं कुणी नव्हतं.

सातव्या दिवशी ट्रक आला. माणिकराव आला नाही. हमालांनी पाइप चढवले.

"मावशी, बसा की म्होरं," ड्रायव्हर म्हणाला. "सांजच्याला माघारी आणून सोडतो. माणिकरावांनी सांगितलंय."

सुलाबाईनं केबिनच्या उघड्या दाराकडं पाहिलं. पदर सावरला.

"न्हाई बाबा. वढ्यात उतरवताना जपून उतरवा तेवढे."

फाटकाबाहेर ट्रक वळला, गावाकडं जाणाऱ्या चुडाव्याच्या रस्त्यावर धूळ उडाली. जिथं पाइप उभे होते तिथं जमिनीवर ओले गोल उमटले होते. एकेक गोल वाळून पुसट होईपर्यंत ती उन्हात उभी राहिली.