चारशे बाराची बेल

आईला हॉस्पिटलात चौथ्या मजल्यावरची खोली मिळाली हे ऐकून लेकीला बरंच वाटलं होतं. त्या मजल्याच्या वायरी तिच्याच हातच्या होत्या.

ती वायरवाली. नव्या इमारतीत दिव्यांच्या आणि यंत्रांच्या जाड वायरी ओढणारे वेगळे. तिच्याकडे बारीक करंटची कामं असायची: आगीचा भोंगा, कॅमेरे, कार्डाने उघडणारी दारं आणि रुग्णाने बटण दाबलं की नर्सच्या टेबलावर वाजणारी बेल. दिव्यांचे वायरमन तिला चिडवायचे, "तुझी वीज म्हणजे खेळण्यातली. हात लावला तरी चावत नाही." तीही हसून म्हणायची, "म्हणून तर माझी दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत."

हॉस्पिटलची ही नवी इमारत महिन्याभरापूर्वी सुरू झाली होती, पण चौथा मजला उघडला तो त्या दिवशी सकाळीच. भिंतींना अजून रंगाचा वास होता. काही रुग्ण जुन्या इमारतीतून हलवून आणले होते, काही आईसारखे नवे. दुसऱ्या दिवशी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. साडेदहाच्या सुमारास लेक पिशवी घेऊन पोचली. चष्मा, टॉवेल, शाल, सगळं पलंगावर काढून ठेवायला लागली.

आई उशीला टेकून मजेत बसली होती.

"काय सेवा आहे गं इथे! न बोलावता येतात."

"कोण?"

"ती सिस्टर. तीनदा येऊन गेली. आजी, काय हवंय? म्हटलं काही नको. दुसऱ्यांदा आली तेव्हा बिचारीचं मन राखायला मी पाणी मागितलं. तिसऱ्यांदा मात्र गाल फुगवून आली. म्हणाली, आजी, बटणाशी खेळू नका, मला इतरही पेशंट आहेत. आता मी कुठे खेळले? बटण ते तिकडे खुंटीला लटकतंय. माझा हात तरी पोचतो का?"

टॉवेलची घडी लेकीच्या हातातच राहिली.

"आई, तू एकदाही दाबलं नाहीस? नक्की?"

"अगं, देवाशप्पथ."

सिस्टर उगाच येत नाही. बेल वाजली आणि टेबलावर चारशे बारा, म्हणजे आईच्या खोलीचा नंबर, उमटला, म्हणूनच ती आली. आईने दाबलं नाही, तर दुसऱ्या कुणीतरी दाबलं होतं. त्या दुसऱ्याकडे तीनदा कुणीच गेलं नव्हतं.

 आणि ती दुसरी खोली कोणती, हे लेकीला माहीत होतं.

प्रत्येक खोलीत खोट्या छताच्या वर, हाताच्या पंजाएवढी बेलची एक डबी असते. डबीवर दोन बारीक चकत्या, एक दशकाची, एक एककाची; चारशे हा मजल्याचा आकडा ठरलेलाच. त्या फिरवून खोलीचा नंबर लावायचा. काम संपायच्या शेवटच्या दिवशी चारशे एकवीसची डबी बंद पडली होती. शिडीच्या वरच्या पायरीवर मान वाकडी करून तिने नवी डबी बसवली होती. छताचे पत्रे बसवणारे खाली उभे राहून "ताई, आवरा, आम्हाला बंद करायचंय," म्हणत होते. टेबलावर बसून 'वाजली, नाही वाजली' सांगणारा जोडीदार तोवर निघून गेला होता. उद्या तपासू म्हणत तिने तपासणीच्या तक्त्यावर बरोबरची खूण केली आणि खाली सही ठोकली. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने तिला दुसऱ्या इमारतीवर पाठवलं. दोन आणि एक लावायचे होते. एक आणि दोन लावले असणार.

"आई, फोन हातात ठेव. मी आलेच."

"अगं पण झालं काय? तोंड का असं पांढरं पडलंय?"

"हातात ठेव म्हटलं ना!"

तिच्या हातात टॉवेल होता हे तिच्या ध्यानातही आलं नाही. ती नर्सच्या टेबलाशी आली. टेबलावर कुणी नव्हतं. थांबावं की जावं? पाय आपोआप पुढे निघाले. मजला इंग्रजी एल अक्षरासारखा वळलेला, चारशे एकवीस पार वळणाच्या पलीकडे. वळणापर्यंत ती भराभर चालत होती, वळल्यावर धावायला लागली. खोलीत कुणी नसेल, असं ती मनातल्या मनात म्हणत होती. अजून कुणाला दिली नसेल ती खोली.

दार ढकललं. पलंग रिकामा होता, पण चादर जमिनीपर्यंत ओढली गेली होती आणि बेलचं बटण उशीवर पडलं होतं. पलंगाखाली एकच चप्पल.

बाथरूमचं दार आतून बंद.

"कुणी आहे का आत? काका? मावशी?"

आत नळ वाहत होता. दुसरा आवाज नाही.

या दारांच्या कडीला बाहेरून एक खाच असते, हे तिला ठाऊक होतं. घराच्या किल्लीचं टोक तिने खाचेत घातलं. किल्ली दोनदा घसरली. तिसऱ्यांदा कडी फिरली आणि दार तिच्या अंगावर उघडलं.

साठीच्या आसपासचा माणूस बेसिनखाली कुशीवर पडला होता. भुवईच्या वर मोठी खोक, फरशीवर रक्त आणि पाणी एकत्र झालेलं. सदरा वर सरकला होता आणि पोटावरच्या पट्टीतून लाल डाग पसरत होता. गेला, असंच तिला वाटलं. मग त्याच्या घशातून घरघर ऐकू आली.

ती गुडघ्यांवर बसली आणि टॉवेल त्याच्या कपाळावर दाबून धरला. "सिस्टर! सिस्टर!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. पण खोलीचं दार मागे आपोआप मिटलं होतं आणि या दारांतून आवाज बाहेर जात नाही. रुग्णांची झोप मोडू नये म्हणून मुद्दाम तशी केलेली दारं.

माणसाने डोळे किलकिले केले. ओठ हलले. ती खाली वाकली.

"किती वेळा दाबलं," तो म्हणाला. "कुणी आलंच नाही. म्हणून एकटाच उठलो."

तिने टॉवेल आणखी जोरात दाबला.

भिंतीला लाल दोरी लोंबत होती. पडलेल्या माणसाने ओढायची दोरी. तिचा हात वर गेला आणि हवेतच थांबला. ही दोरी ओढली तरी टेबलावर उमटणार चारशे बाराच. सिस्टर जाणार आईकडे. आणि आता ती चिडलेली होती. जाईल की नाही कोण जाणे.

टॉवेल सोडून पळत जावं, तर रक्त थांबत नव्हतं. तिने दोरी ओढली. दुसऱ्या हाताने खिशातून फोन काढला, अंगठ्याने आईला लावला. एक रिंग. दुसरी. तिसरी. चौथ्या रिंगला आई म्हणाली, "हॅलो, कोण?"

"आई, मीच. नीट ऐक. सिस्टर आत्ता तुझ्या खोलीत येईल. तिला सांग, चारशे एकवीस. माणूस पडलाय, खूप रक्त जातंय."

"अगं बाई! पण ती कशाला येईल? माझ्यावर रुसलीय ती."

"येईल. बाथरूमची बेल टेबलावरून बंद करता येत नाही, खोलीत यावंच लागतं."

काही क्षण नुसताच श्वास ऐकू येत राहिला. टॉवेल जड होत चालला होता.

"आली का?"

"नाही आली. थांब, मीच उठते."

"आई, नको! तुझा गुडघा..."

"गुडघा उद्या नवा मिळतोय ना! जुन्याचं काय करायचंय मला?"

फोनमधून चालण्याची फरफट ऐकू आली, कण्हणं, मग दार. आणि आईचा खणखणीत आवाज, "ए सिस्टर! अगं ए बाळा!" लांबून कुणीतरी तणतणत आलं. "आजी, आता बाथरूमची दोरी पण ओढलीत? आणि उठलात कशाला?" आई म्हणाली, "मी नाही ओढली. एकवीस नंबरात माणूस पडलाय, माझी लेक आहे तिथे. मला नंतर ओरड, आधी पळ!"

पळणाऱ्या पावलांचा आवाज आधी फोनमधून आला, थोड्या वेळाने खोलीचं दार धाडकन उघडलं.

त्यानंतर खोलीत माणसंच माणसं झाली. डॉक्टर, स्ट्रेचर, आणखी दोन सिस्टर. कुणीतरी तिला दंडाला धरून बाजूला उभं केलं. माणसाला नेल्यावर ती जिन्यात जाऊन बसली आणि ठेकेदाराला फोन लावला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. "हे बघ," तो म्हणाला, "पाच मिनिटांचं काम आहे. चकत्या फिरव आणि गप्प बस. पेशंट चक्कर येऊन पडतात. तुझी सही आहे त्या तक्त्यावर, माझी नाही. विचार कर."

विचार करायला ती बराच वेळ बसून राहिली. पोलीस येतील. परवाना जाईल. तो माणूस मेला तर? बोटांच्या पेरांत रक्त वाळलं होतं. चकत्या फिरवणं खरंच सोपं होतं. कुणालाही कळलं नसतं.

ती उठून नर्सच्या टेबलाशी गेली. सिस्टर खुर्चीत बसली होती, समोरचा चहा तसाच.

"सिस्टर, ती बेल मी बसवलीय. नंबर चुकीचा लावला. तपासलं नाही आणि सही केली."

सिस्टरने वर पाहिलं. तिचे डोळे लाल होते.

"चौथ्यांदा वाजली होती, ताई," ती म्हणाली. "पलंगाचं बटण होतं. मी इथूनच बंद केली. म्हातारी चाळा करतेय असं वाटलं मला."



माणूस वाचला. कपाळाला नऊ टाके पडले, पोटाचे पुन्हा घालावे लागले. डोक्याच्या आत काही झालं नव्हतं. संध्याकाळी त्याची बायको डब्याची पिशवी खांद्याला लावून वायरवालीला शोधत आली. "तुम्ही होतात म्हणून हे दिसतायत मला," म्हणत तिने तिचे दोन्ही हात धरले. वायरवालीला ते ठेकेदाराच्या धमकीपेक्षा अवघड गेलं. तिने हात सोडवून घेतले आणि सगळं सांगितलं, शिडी, चकत्या, सही.

 बाई ओरडली नाही, रडली नाही. तिने विचारलं, "बाकीच्या खोल्या बघितल्या?"

"अजून नाही."

"मग इथे काय करताय?"

त्या मजल्यावर चौतीस खोल्या होत्या. टेबलावर तीच सिस्टर बसली. ड्युटी संपली होती तरी घरी गेली नाही. एकेका खोलीत जाऊन वायरवालीने बटण दाबलं, दोरी ओढली आणि फोन कानाला लावून वाट पाहिली. सिस्टरने नंबर सांगितला की पुढची खोली. चारशे एकवीसच्या डबीच्या चकत्या तिने सिस्टरच्या आणि हॉस्पिटलच्या इंजिनिअरच्या देखत दोन आणि एकवर फिरवल्या. बाकी तेहतीस बरोबर निघाल्या.

ठेकेदाराने तिला कामावरून काढलं. हॉस्पिटलने चौकशी लावली, सरकारी खात्याने तीन महिने परवाना अडकवून ठेवला, मग ताकीद देऊन परत केला. आई नव्या गुडघ्यावर घरभर हिंडायला लागली आणि येईल त्याला पळणाऱ्या सिस्टरची गोष्ट सांगायला लागली. लेक त्या वेळी दुसऱ्या खोलीत निघून जायची.

आता ती दुसऱ्या ठेकेदाराकडे आहे. काम संपलं की बाकीचे जेवायला जातात आणि ती, एका जोडीदाराला टेबलाशी बसवून, शिडी घेऊन पुन्हा पहिल्या खोलीपासून एकेक बेल तपासायला लागते. कुणी हसलं तर हसू देते. बटण दाबून आकडा ऐकू येईपर्यंतच्या त्या दोन-तीन क्षणांत तिच्या हाताला अजून घाम फुटतो.